व्हर्ननचे बूट

आमच्या खाणकामगारांच्या गल्लीत मेव्हिसइतकी हट्टी बाई दुसरी नाही. तिचा नवरा व्हर्नन बिळात फेरेट सोडून ससे पकडायचा. तो गेला आणि ती मुंगसासारखी लांबुळकी दोन जनावरं हिच्या गळ्यात पडली. कच्च्या मांसाची हिला किळस, म्हणून मांजराच्या कोरड्या खाण्यावर ठेवली. शेवटी जनावरांचे डॉक्टर ओरडले, तेव्हा कुठे सशाचं मांस घरात आलं.

पण हे खायचं असतं, हेच फेरेटांना कळेना. मेव्हिस रबरी हातमोजे घालून खिमा त्यांच्या ओठांना चोपडायची. "चाटा रे मेल्यांनो! व्हर्ननचं नाव घालवाल!"

मग एकदाची वाटी रिकामी झाली, आणि पुढे रोजच होऊ लागली. मेव्हिस गल्लीभर मिरवली.

थोड्या दिवसांत घरात असा वास सुटला की मी जाऊन खिडक्या उघडल्या. वास येत होता दाराशी ठेवलेल्या व्हर्ननच्या बुटांतून. तो गेल्यापासून त्यांना तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. पोट भरलं की फेरेट उरलेलं लपवतात. बुटांत मांस ठासून भरलं होतं.

"आता तरी टाकून दे गं ते बूट," मी म्हटलं.

मेव्हिस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "चोरांना बरोबर कळलंय, या घरात कशाला कुणी हात लावत नाही ते!"

तिने बूट घासून धुतले, वाळवले, परत दाराशी ठेवले. आणि हातमोजे न घालता, मांसाचा एक ताजा तुकडा उचलून फेरेटांसाठी स्वतःच बुटात टाकला.