मामासासऱ्यांचं बेटावरचं हॉटेल

लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत कुठं फिरायला जायची रीत आमच्याकडे तेव्हा नव्हती. नवी नवरी माहेरी जाऊन यायची आणि परत आली की चुलीपुढं बसायची, एवढाच तिचा प्रवास. माझं माहेर साखरखेर्ड्याचं, सासर धामणगाव बढ्याजवळच्या एका खेड्यातलं. त्यामुळे माझं जग दोन एस.टी. बदलण्याइतकं मोठं होतं आणि मला ते पुष्कळ वाटत होतं. असं असताना त्या माघात मी नवऱ्याबरोबर एका बेटावरच्या हॉटेलात राहून आले. हॉटेल माझ्या मामासासऱ्यांचं होतं आणि बेट पण त्यांचंच.

मामासासरे म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ. मोठे जमीनदार, भरघोस मिशा, डोक्याला पांढरा फेटा. ते ओट्यावर बसलेले असले की गावातल्या बायका मागच्या गल्लीनं पाण्याला जायच्या. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, जिकडेतिकडे धरणं होत होती, तसं आमच्याही भागात एक झालं. मामांचं सखल शिवार पाण्याखाली गेलं. मधली टेकडी मात्र वर राहिली. तिच्यावर मामांचा जुना गोठा होता, एक धान्याची कोठी होती आणि शिंदीची दहावीस झाडं होती. एरवी कुणी अशा टेकडीकडे पाठ फिरवली असती. पण मामांच्या घरी मुंबईहून कुणीतरी एक कॅलेंडर आणून दिलं होतं. त्यावर निळा समुद्र, समुद्रात बेट, बेटावर पांढरं हॉटेल, खुर्च्यांवर पसरलेले गोरे नवराबायको आणि त्यांच्यापुढं ट्रे घेऊन वाकलेला वेटर.

मामा म्हणाले, "याच्यापेक्षा माही टेकडी मोठी हाये."

घरच्यांनी समजावलं, इकडे कोण येणार? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "लोनारले लोकं कुठून कुठून येतात. काय पाहाले? खड्डा! त्यातही खारं पानी. माह्याकडे गोडं पानी हाये, वरून बेट हाये."

पहिले पाहुणे म्हणून आम्हा दोघांना आवतण आलं. सासऱ्यांना हे पटलं नव्हतं, पण मेव्हण्याचं मन मोडवेना. "जा बापा," ते मुलाला म्हणाले, "एक दिवस राहा आन् या."

काठावर मामा स्वतः उभे होते. होडी म्हणून त्यांनी गुळाची कढई आणली होती. ऊस गाळायच्या दिवसांत रस आटवायला लागते ती, अंगणाएवढी, चपटी, लोखंडी. नदीला पूर आला की अशा कढईतून लोक पलीकडे जायचे हे मी ऐकलं होतं; पण कढईला तोंड नसतं आणि शेपूटही नसतं, हे बसल्यावर कळलं. मामांनी बांबू टेकवून ढकललं की ती पुढं जायच्याऐवजी गरगर फिरायची. आम्ही तिघं त्या धरणात भोवऱ्यासारखे फिरत चाललो होतो. समोर टेकडी यायची, मग धरणाची भिंत, मग आमचं गाव, मग पुन्हा टेकडी. मी डोळे मिटून घेतले. अर्ध्या वाटेवर एका हिसक्यानं एवढं पाणी आत आलं की माझं लग्नातलं हिरवं लुगडं कमरेपर्यंत भिजलं.

टेकडीला लागलो आणि मी मामांच्या पाया पडायला वाकले. तर मामा दोन पावलं मागं सरले.

"नाई नाई, मेमसाब! आता तुमी गिऱ्हाईक हा."

मी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. मामासासऱ्यांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. आणि ते मला मेमसाब म्हणून राहिले होते! भाच्याला तर त्यांनी मुजराच केला. "या साहेब. सामान द्या." आमच्या ह्यांच्या हातून ते पिशवी ओढू लागले, हे सोडेनात. लहानपणी ज्या मामानं ह्यांना छडीनं झोडलं होतं, तोच मामा ह्यांची पिशवी उचलायला धडपडत होता. शेवटी पिशवीचा बंद तुटला.

कोठी सारवून, चुना देऊन आमची खोली केली होती. शेजारची खोली म्हणजे गोठा. तिथं एक म्हातारा बैल होता. पाणी चढायला लागलं तेव्हा बाकी जनावरं हाकून काठावर नेली, हा पाण्याला भिऊन हललाच नाही. मामा म्हणाले, "तो राह्यते तिथं. लय शांत पाहुणा हाये." खोलीपुढं नदीची वाळू पसरून दोन लाकडी आरामखुर्च्या मांडल्या होत्या. आणि शिंदीच्या झाडांना नारळ लागले होते! शिंदीला नारळ! मी पाहतच राहिले. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येक नारळ तारेनं बांधला आहे. बाजारातले, सोललेले, शेंडी राखलेले, देवाला फोडायचे नारळ.

"मामा, हे काय?" ह्यांनी विचारलं.

"नारळाची रोपं लावली होती, जगली नाईत. मंग काय कराव? चित्रात तर नारळ हाये."

खरी पंचाईत पुढंच होती. खुर्चीजवळ बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली होती. काही लागलं की ती वाजवायची, असा मामांचा हुकूम. आम्ही वाजवली नाही. सुनेनं घंटा वाजवून मामासासऱ्याला बोलवायचं, म्हणजे जगबुडीच! मग मामाच थोड्या थोड्या वेळानं येऊन घंटा वाजवायचे, आणि "आलो साहेब!" म्हणून पुढं व्हायचे. हातात पितळी परात, तिच्यावर चहाचा एक कप. दुसरा कप आणायला पुन्हा जायचे, कारण चित्रातल्या वेटरच्या ट्रेमध्ये एकच भांडं होतं.

हे सगळं मामीला मुळीच मान्य नव्हतं. मामी आदल्या दिवसापासून टेकडीवरच होती. चुलीपाशी बसून तिथूनच ओरडली, "सूनबाई, इकडे ये वं! पोळ्या लाटू लाग."

मी उठले. तोच मामा आडवे आले. "गिऱ्हाईक सैपाकात जात नाई."

"ते गिऱ्हाईक नोय, भाचसून हाये!"

"काठावर भाचसून. अठी मेमसाब!"

"मंग मी कोन हो?"

मामांनी जरा विचार केला. "तू आचारी."

मामीनं लाटणं खाली ठेवलं आणि तोंड फिरवून बसली. मामांनी स्वतः वाढलं. वांग्याची भाजी, ठेचा, करपलेल्या पोळ्या. त्या पोळ्या मामांनीच भाजल्या होत्या. आम्ही जेवलो. मामा परात धरून उभे. मामी चुलीकडे तोंड करून उपाशी. ऊन चढलं, उतरलं, तरी दोघांनी घास घेतला नव्हता. वेटर गिऱ्हाइकाच्या आधी जेवत नाही, आणि गिऱ्हाइकानं "आता पुरे" म्हणायला हवं, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. मामांचा चेहरा पार सुकलेला दिसला. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या खेळात खेळायला कुणी नाही.

मी उठले आणि घंटा वाजवली. हे दचकून खुर्चीतून घसरले. मामा धावत आले.

"बोला मेमसाब!"

मी जन्मात पहिल्यांदा मामासासऱ्यांशी बोलले. पदरातून म्हणाले, "दोन जेवणं आणा. एक इथं ठेवा, एक इथं. आता या पाटावर तुम्ही बसा, आणि त्या पाटावर आचाऱ्याला बसवा. वाढीन मी."

मामा ह्यांच्याकडे बघू लागले. हे म्हणाले, "गिऱ्हाइकाचा हुकूम हाये मामा."

चुलीकडून मामीचा हसण्याचा आवाज आला. आधी नाकातून, मग मोकळा. दोघं बसली, जेवली. मामांनी पोळी तोडून म्हटलं, "पोळ्या करपल्या हायेत." मामी म्हणाली, "आचारी बदला."

सकाळी उठलो तर कढई नाही. मामांनी ती काठालगत शिंदीला अंबाडीच्या दोरानं बांधली होती. बैलानं दोर चावून खाल्ला होता. अर्धा तुकडा त्याच्या तोंडात अजून होता. कढई वाऱ्यानं गेली. बरोबर माझं हिरवं लुगडंही गेलं, कारण ते मी कढईच्या कडेवर वाळत घातलं होतं. ह्यांची टोपीही त्यातच राहिली होती.

मामा घाबरले नाहीत. "चला, मुक्काम वाढला," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

दुपारी पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. आधी चारदोन, मग घोळका, मग अर्धं गाव. बायका पण होत्या. मामा टेकडीच्या टोकाला जाऊन कपाळावर हात धरून बघू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गिऱ्हाईक! पाह्य बे भाच्या, केवढं गिऱ्हाईक!"

वारा आमच्याकडून तिकडे होता, त्यामुळे त्यांचा आवाज येत नव्हता. बायका हात वर करत होत्या, छातीशी नेत होत्या. मामांना वाटलं बोलवून राहिल्या. त्यांनी फेटा सोडून हवेत फडकवला, घंटा घणाघणा वाजवली. मामीला म्हणाले, "पीठ भिजव!" मामी बारीक डोळे करून बघत होती. ती म्हणाली, "माय वं, त्या ऊर बडवून राह्यल्या."

तेव्हा आम्हाला उमगलं. रिकामी कढई धरणाच्या भिंतीला जाऊन लागली होती. तिच्यात नव्या नवरीचं लुगडं आणि नवरदेवाची टोपी. कुणी काय समजणार? आम्ही चौघंही बुडालो, असं गावानं धरून घेतलं होतं. घंटेचा आवाज आणि फडकणारा फेटा त्यांनी ऐकला-पाहिला, पण एका म्हातारीनं सांगितलं, "आत्मे हायेत, पाहू नका," आणि अर्ध्या बायकांनी पाठ फिरवली.

घराचं दार काढून त्याखाली तेलाचे रिकामे डबे बांधून सासरे आले. दारावर मांडी घालून बसलेले, दोन गडी पोहत ढकलत असलेले. डोळे रडून सुजले होते. टेकडीला लागून त्यांनी वर पाहिलं, तर समोर मामा खांद्यावर टॉवेल टाकून वाकून उभे.

"या साहेब. काय आणू?"

सासऱ्यांनी आधी मुलाला चाचपून पाहिलं. माझ्याकडे बघितलं. मग मेव्हण्याची मिशी धरायला हात उचलला, तो तसाच खाली घेतला आणि मटकन आरामखुर्चीत बसले.

"च्या आन साल्या," ते म्हणाले. "साखर जास्त टाक."

त्या दारावरून एकेकाला काठावर नेलं. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या म्हातारीनं माझ्या पायाची बोटं दाबून पाहिली, मगच घरात जाऊ दिलं. तोवर साखरखेर्ड्याला तार गेली होती. दुसऱ्या दिवशी माझे आईवडील एस.टी.तून उतरले. आई सगळ्या वाटेनं रडत आली होती. मी अंगणात उभी दिसले तशी ती खालीच बसली. वडिलांनी विचारलं, "कुठं होतीस गं?"

"हॉटेलात," मी म्हणाले.

आईचं रडणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी जास्त जोरात. "घरंदाज लेक, आन् हाटेलात!" बुडाल्याची तार तिनं कशीबशी सोसली होती.

तिनं मला महिनाभरासाठी माहेरी नेलं. गल्लीतल्या बायका रोज यायच्या. मी मेले होते याबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. सगळ्यांना हॉटेलाचंच. पलंग होता का? पंखा होता का? एका काकूंनी विचारलं, "आन् खरकटे कप कोण धुतंय तिथं?"

"मामासासरे," मी खरं ते सांगितलं.

काकूंनी आईच्या दंडाला धरून तिला चुलीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यात पाणी गेलंय. थोडे दिवस काही विचारू नका."