कपाटातला धूर

येडूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात मऊ फडकं होतं आणि ते एक काचेचा गोळा पुसत होते. मोसंब्याएवढा गोळा. मी बोट पुढं केलं.

"हात लावू नगासा मास्तर," ते म्हणाले. "अजून ऊन हाय त्यात."

१९७३ सालचा जून होता. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो. सोलापूरच्या वेधशाळेत जुन्या नोंदवह्यांच्या प्रती करायची तात्पुरती नोकरी मिळाली होती. माझं गाव माळशिरस. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं.

त्या गोळ्याच्या मागं निळसर जाड कागदाची पट्टी बसवतात. ऊन गोळ्यातून एका ठिपक्यात एकवटतं आणि दिवसभर पट्टी जाळत सरकत जातं. ढग आला की जळकी रेघ तुटते. दिवस मावळल्यावर पट्टी काढायची, मागं तारीख लिहायची, दुसऱ्या दिवसासाठी नवी घालायची. हे काम सतरा वर्षं शिपाई येडू बिरप्पा करत होते. जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे एका लाकडी कपाटात होते. किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची.

ते मूळचे मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका धनगरवाडीतले. शाळेत चौथीपर्यंत. पण पट्टी वाचायला त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. एकदा निरभ्र दिवस असून दुपारनंतरची रेघ त्यांना बारीक दिसली. म्हणाले, "कुटंतरी माळ पेटलाय."

आमचे निरीक्षक सिद्धलिंगप्पा हसले. "येड्या, आभाळ धुतल्यासारखं हाय की. पट्टी नीट बसवली नसशील."

दुसऱ्या दिवशी वळसंगहून आलेल्या माणसानं सांगितलं, गावाबाहेरचं गवत काल दुपारी जळालं.

"आता एमेसाहेबांनाही शिकव," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "फक्त गोळ्याजवळ उभं करू नको. खिशात कविता असती, पेट घ्यायची."

मी जेवायला मामांच्या घरी जाऊ लागलो. मायाक्कामामी ज्वारीची भाकरी माझ्या ताटात टाकायच्या आणि नको म्हटलं की दुसरी टाकायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊबीजेला मी गेलो तर मामी अंगणात उभ्या होत्या. हातात ताट, ताटात निरांजन. पश्चिमेला बीजेची कोर होती. त्या तिला ओवाळत होत्या. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे मला माहीत होतं.

"मला ओवाळा की मामी," मी म्हणालो.

"तू ल्योकावानी हायस," त्या म्हणाल्या. "ल्योकाला भावाच्या पाटावर कसं बसवू?"

मामा उंबऱ्यात बसले होते. खाली बघत होते. मला ते तेव्हा दिसलं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

पुढच्या मार्चमध्ये, शिमगा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, मी डबा खाताना एक इंग्रजी मासिक चाळत होतो. वेधशाळेत अशी मासिकं येत, वाचत कुणी नसे. त्यात एक लेख होता. १९५० साली कॅनडातल्या जंगलांत प्रचंड वणवा लागला. त्याचा धूर समुद्र ओलांडून युरोपात गेला. तिथं लोकांना सूर्य निळा दिसला. धुराचे कण इतके बारीक असतात की वारा त्यांना हजारो मैल नेतो, अगदी ध्रुवाकडच्या हवेतसुद्धा. तिथं ते बर्फावर उतरतात. पुढच्या वर्षीचा बर्फ त्यांच्यावर पडतो. मला गंमत वाटली. मी ते मामांना मराठीत सांगितलं.

त्यांनी घास खाली ठेवला.

"त्यो बर्फ वितळत न्हाय?"

"आतला नाही. शेकडो वर्षं तसाच राहतो म्हणे. थरावर थर."

"मंजी कोन्त्या वर्साचा धूर, ते बी कळतंय?"

"खोल खणून थर मोजले तर कळत असेल."

"आन् मी समजत हुतो धूर इरून जातोय."

"मामा, ते केवढं जंगल! आपल्याकडच्या गवताचा धूर काही तिथवर जात नसेल."

"तुमी बघून आलाय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. डबा तसाच बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर लाकडी कपाट उघडं होतं. मामांनी माझ्या टेबलावर एक पट्टी ठेवली. निळा रंग उडून राखाडी झाला होता. मागं तारीख होती, ४ मार्च १९५३. सकाळपासून एक वाजेपर्यंत रेघ खोल जळलेली. पुढं एकदम बारीक, मग नुसतं पिवळट.

"त्या दिशी ढग न्हवता," मामा म्हणाले. "वही बघा."

त्या वर्षाच्या वहीची प्रत मीच केली होती. आकाश निरभ्र. शेऱ्यात लिहिलं होतं, नैर्ऋत्येकडून धूर.

"ह्यो माजा धूर हाय."

मग ते बोलत राहिले. मी उभाच होतो. बसायचं सुचलं नाही.

शिमग्यानंतर वाळलेला माळ पेटवायचा, म्हणजे पाऊस पडल्यावर गवत कोवळं फुटतं. त्यांच्याकडची ही जुनी रीत. पण पंचांनी दिवस ठरवायचा, सगळ्यांनी मेंढरं हलवायची, मगच काडी ओढायची. मामांनी त्या वर्षी कुणाची वाट पाहिली नाही. त्यांना आपल्या कळपासाठी कोवळा चारा आधी हवा होता. काडी लावली आणि वारा फिरला. खालच्या अंगाला दुसऱ्यांची कोकरं काट्यांच्या कुपाटीत कोंडलेली होती. चाळीस कोकरं जळाली. एक म्हातारी आत शिरली, तिचे हात गेले.

त्या दिवशी माळावर दोघेच होते. येडू आणि त्याचा मेव्हणा निंगप्पा. मायाक्काचा थोरला भाऊ.

पंचांनी दोघांना बिरोबापुढं उभं केलं. भंडारा उचला आणि सांगा, आग मी लावली नाही. मामांनी हळद मुठीत घेतली आणि सांगितलं. निंगप्पानं हात पुढं केला नाही. एकही शब्द बोलला नाही. भंडारा न उचलणारा दोषी, एवढा साधा हिशेब. त्याला जातीबाहेर टाकलं. त्याच्या हातचं पाणी बंद, त्याचं नाव घेणं बंद. तो त्याच संध्याकाळी वाडी सोडून गेला. मायाक्कानं कपाळ जमिनीवर आपटून घेतलं आणि पंचांपुढं म्हणाली, आजपास्नं मला भाऊ न्हाय.

"तीन वर्सांनी मी हितं लागलो," मामा म्हणाले. "कपाट झाडताना ही पट्टी घावली. धूर हितवर आला हुता. मला वाटलं, आला आन् हितंच ऱ्हायला. कपाटात. किल्ली माज्याकडं."

त्यांनी पट्टी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"काल तुमी म्हणालासा, तितं ऱ्हातोय. तितली किल्ली कुणाकडं हाय?"

मी सहज वाचलेलं होतं ते. जेवताना.

संध्याकाळी मामांनी मला बरोबर नेलं. एकट्याला घरात शिरायचा धीर नव्हता. मामी चुलीपुढं होत्या. मामांनी पट्टी त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चार वाक्यांत. तव्यावरची भाकरी करपत गेली. मामींनी ती उलटली नाही.

मग त्यांनी विचारलं, "कुटं असंल त्यो?"

"दुधनीत. अडतीवर हमाली करतोय."

"तुमाला ठाव हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"धा वर्सं झाली."

मामींनी तवा खाली उतरवला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, दुधनीची गाडी कवा असती?"

रविवारी आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो. दीड-दोन तासांचा प्रवास. मामी खिडकीजवळ बसल्या होत्या. मांडीवर बोचकं, बोचक्यात शेंगदाण्याची पोळी. अक्कलकोट रोडला मामांनी चहा आणला. मामींनी घेतला नाही. मामांनी तो हातात धरून थंड केला आणि खिडकीबाहेर ओतला.

घर अडतीच्या मागं होतं. दारात निंगप्पाची बायको शांतम्मा डाळ पाखडत होती. "बर्री, कुंड्री," या, बसा, असं कानडीत म्हणाली आणि घोंगडं अंथरलं. ही कोण बाई, हे तिला कळलं नव्हतं. आतून निंगप्पा आला. पाठीत वाकलेला, डोक्यावर पोत्याची धूळ. मामींकडे बघून तो दाराला टेकला.

"आण्णा," मामी म्हणाल्या.

"मायी?"

त्यांनी त्याचे पाय धरले. तो खाली बसला. दोघांनी एकमेकांच्या तोंडावरून हात फिरवले, आंधळी माणसं फिरवतात तसे. शांतम्मा सूप हातात धरून उभी होती.

मग मामा पुढं झाले. खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात भंडारा होता. तो त्यांनी मुठीत घेतला. "निंगप्पा, आग मी लावली. मायाक्काला सांगितलं मी. आता वाडीवर जाऊन बिरोबापुढं सांगतो."

मला वाटलं होतं निंगप्पा शिव्या देईल. किंवा रडेल. मामांनाही तसंच काहीतरी वाटलं असणार. त्यांनी मान आधीच खाली घातली होती.

निंगप्पा म्हणाला, "तू काडी वडलीस तवा मी माळाच्या कडंला वगळीत, वड्यात हुतो, दाजी. बघितलं मी."

मामांची मूठ तशीच राहिली.

"मग बोलला का न्हाईस?" मामींनी विचारलं.

"बोललो असतो तर ह्याला वाळीत टाकलं असतं. ह्याच्या मागं तू. जळक्या म्हातारीच्या ल्योकांनी तुला गावात उभं केलं नसतं. भंडारा हातात घेऊन खोटं बोलवंना, आन् खरं बोललो तर तुजं घर जायचं. म्हून गप बसलो." मग तो मामांकडे वळला. आवाज चढला नाही. "एकवीस वर्सं मी गप ऱ्हायलो दाजी, हिला घर ऱ्हावं म्हून. तू आज यिऊन ते बी पेटवलंस."

मामांच्या मुठीतून हळद गळत होती. मी बघत राहिलो. आजही डोळे मिटले की आधी ती हळदच दिसते, शेणानं सारवलेल्या भुईवर.

शांतम्मानं सगळ्यांना जेवायला वाढलं. मामा जेवले नाहीत. तीनच्या गाडीची वेळ झाली. मामा दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मामींनी बोचकं उचललं नाही.

"मामी, गाडी..." मी म्हणालो.

"तुमी दोघं जावा," त्या म्हणाल्या. मामांकडे बघून, शांतपणे. "मी बीजेला आण्णाला ओवाळून येते."

भाऊबीज आठ महिन्यांवर होती.

मामा पुढच्या आठवड्यात वाडीवर गेले. बिरोबापुढं सगळं सांगितलं. पंचांतले तीन मेलेले होते. चौथा बहिरा होता, त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. निंगप्पाला परत बोलवायचं ठरलं. तो आला नाही. म्हणाला, आता माझी पोरं कानडी बोलतात.

हे लिहितोय तेव्हा श्रावण चालू आहे. माझ्या नोकरीची मुदत संपत आली. मामा घरी एकटे भाकरी थापतात. जाड होतात, कडा कच्च्या राहतात. मी खातो. मामी येतील का, हे आम्ही दोघंही बोलत नाही. एकदाच त्यांनी विचारलं, "आवंदा बीज कवाची?" मी पंचांग बघून तारीख सांगितली. त्यांनी ती एका कोऱ्या पट्टीच्या मागं लिहून घेतली.

चार मार्चची ती जुनी पट्टी पुन्हा गठ्ठ्यात गेली. कपाटाला आता कुलूप नसतं. सिद्धलिंगप्पांनी किल्ली मागितली तर मामा म्हणाले, हरवली.

ढगाळ दिवशी पट्टी कोरीच निघते. काल तशीच निघाली. मामांनी ती काढली, मागं तारीख घातली, गोळा पुसला आणि नवी बसवली.