चौथं शील

आमच्या गावात विहार नव्हता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, बाबा रोज दुपारी नाल्यापलीकडच्या गावच्या विहारात धम्माचा ग्रंथ वाचायला जात. वाटेत अर्धा कोस जंगल, आणि त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात वाघानं तिथंच एक बैल मारला होता. मी किती भांडले, पण बाबा ऐकत नसत. माणसाचा आवाज आला की वाघ बाजूला होतो म्हणायचे, आणि मोठ्यानं पंचशील म्हणत चालायचे. मी लेकीला कडेवर घेऊन धानाच्या बांधावर उभी राहायचे. आवाज येतोय तोवर बाबा आहेत, एवढंच मला कळायचं.

एक दिवस आवाज मधेच तुटला. विळा घेऊन मी धावत सुटले. लेक कडेवर आहे याचंही भान राहिलं नाही. बाबा वाटेत छत्री टेकून उभे होते.

“वाघ हाये का बाबा?”

“वाघ नाई वं पोरी. चौथं शील आठवून नाई राह्यलं.”

दीक्षा घेतल्यापासून रोज म्हटलेलं! लेकीनं आजोबांनी शिकवल्याप्रमाणे चार बोटं वर केली आणि म्हणाली, “मुसावादा...” बाबांनी हात जोडून शील पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी मीही निघाले.

“तू काऊन येऊन राह्यली?”

“मले ग्रंथ आयकाचा हाये.”

बाबा इतके खूश झाले, की विहारात सगळ्यांना सांगत सुटले.

खोटं बोलणार नाही, हेच ते चौथं शील. त्यांच्या शेजारी चालताना मी ते रोज मोठ्यानं म्हणायचे. माझा आवाज कापायचा, आणि बाबांना वाटायचं, पोर वाघाला भिते.