मेव्हण्यांचा स्वच्छ डोंगर

देवाने डोंगर केले तिथेच थांबायला हवं होतं, पुढे माणूस करायची काही गरज नव्हती, असं मनापासून मानणारा एकच इसम मी आयुष्यात पाहिला, आणि माझी सख्खी थोरली बहीण नेमकी त्यालाच दिलेली होती. महाडात त्यांची भाताची वखार होती. वखार ताई चालवायची आणि मेव्हणे फटफटी चालवायचे. महाबळेश्वरला हवा खायला आलेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. ती पहिल्यांदा पेठेतून गेली तेव्हा माझे वडील अंगावरचा पंचा सावरत माजघरात पळाले, यावरून काय ते समजा. मी तेव्हा वकिलीची सनद नुकतीच घेऊन कोर्टाच्या आवारात पक्षकाराची वाट पाहत बसणारा, चारचौघांत अब्रू जपणारा माणूस. या माणसाने मला जे धक्के दिले त्यांतून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

पहिला धक्का असा की घाटातल्या वळणांवर ती फटफटी हाकणाऱ्या या गृहस्थांना दहा हातांपलीकडचं धड दिसत नव्हतं. चष्मा होता, पण तो सदऱ्याच्या खिशात. "वाऱ्याने डोळ्यात पाणी येतं आणि काच धुरकटते," असं ते शांतपणे सांगायचे. "अहो, मग रस्ता?" मी किंचाळलो होतो. "रस्ता कुठे जातोय? तो आहे तिथेच असतो," मेव्हणे म्हणाले. मागच्या बैठकीवर कुणाला घ्यायचे नाहीत, ताईलासुद्धा नाही. तिथे कॅमेऱ्याची लाकडी पेटी, काचेच्या प्लेटा आणि पेटी उभी करायचं तीन पायांचं तिकाटणं दोरीने आवळलेलं असायचं. शिवथरचं खोरं म्हणा, बिरवाडीकडचे कडे म्हणा, सगळीकडे एकटेच. लांबचा डोंगर त्यांना खरा दिसायचा तो घरी येऊन फोटो धुतल्यावर. बायकोइतकंच डोंगराचंही तोंड त्यांनी जवळून क्वचित पाहिलं असेल, असं ताई म्हणायची.

फोटोत माणूस आलेला त्यांना खपत नसे. माणूसच काय, रेडकूसुद्धा. एकदा एक म्हैस चरत चरत बाजूला होईपर्यंत ते उपाशी उभे राहिले होते. वडिलांच्या साठीशांतीला सगळं गणगोत नटूनथटून अंगणात बसलं, मेव्हण्यांनी पेटी लावली, आणि फोटो धुऊन आला तो घरामागच्या डोंगराचा. खाली कडेला वडिलांच्या पगडीचं टोक तेवढं होतं. वडील महिनाभर बोलले नाहीत. "माणसं हलतात हो," मेव्हणे मलाच समजावत होते. "डोंगर बघा, कसा बसतो." आणि स्वतःचा फोटो? तो तर त्यांनी जन्मात कुणाला काढू दिला नाही.

पण सगळ्यांत मोठा धक्का ताईच्या चंद्रकळेचा. कॅमेऱ्यावर डोकं झाकायला काळं फडकं लागतं. त्यासाठी या माणसाने तिची पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा लुगड्यांच्या पेटीतून काढली आणि बरोबर मधोमध फाडली! ताईला कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फाटलेल्या कडा दुमडून नीट टाचून दिल्या. या बायकांचं मला कधीच कळलं नाही.

तर अशा थाटात, पाऊस सरल्यावर, मेव्हणे एका सकाळी आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीपाशी जाऊन थडकले. समोर डोंगराचा उतार, उतारावर नाचणीची कापलेली शेतं. त्यांनी तिकाटणं मांडलं. वाडीतली माणसं जमली तशी नेहमीप्रमाणे तोंडातून शब्द न काढता हाताने त्यांना हाकललं, चंद्रकळेत डोकं घातलं, चष्म्याशिवायच डोंगर स्वच्छ असल्याची खात्री केली, काच बसवली, झाकण काढलं आणि डोक्यावरची चंद्रकळा तशीच ठेवून, डोळे मिटून मनात श्लोक म्हणायला लागले. हे त्यांचं घड्याळ. श्लोक संपला की झाकण बंद. मग दूरचं काही न बघता, बघूनही दिसलं नसतंच, फटफटीवर बसून महाडला परत.

संध्याकाळी वखारीमागच्या अंधाऱ्या खोलीतून जी आरोळी आली ती ऐकून मी धावलो. मेव्हणे ओल्या काचेकडे बोट दाखवत उभे होते. त्यांच्या स्वच्छ डोंगरावर अख्खी वाडी उभी होती! प्रत्येक शेताच्या बांधावर एकेक माणूस, दगडासारखा ताठ, एकाचाही हात हललेला नाही. मेव्हणे काच फोडायलाच निघाले होते. ताईने ती हातातून काढून घेतली.

उलगडा चौथ्या दिवशी झाला. फटफटीवाल्याचं घर विचारत एक बाई चालत वखारीत आली. ठकूबाई तिचं नाव. नवरा मुंबईला गिरणीत, आणि इकडे दीर दरसाल बांध कोरत तिच्या शेतात शिरत होता.

"सायब, मोजनीचा कागद द्या," ती म्हणाली.

"कसली मोजणी?" मेव्हणे.

"तीन पायांचं लावलंत, ते काय उगाच? मागं मोजनीवाले आलते तवा आमी अशीच उबी र्‍हायलो. ज्यानं त्यानं आपल्या बांधावर. हललं तर बांध हलतो. दीर बी उबा होता, पन त्याच्या जुन्या जागंवर. सरकारापुढं खोटं उबं र्‍हायाची छाती नाय झाली त्याची."

मी वकिली आवाजात सांगितलं की बाई, हा नकाशा नाही, कोर्टात याला कवडीची किंमत नाही. तिचा चेहरा पडला. "पन मी हाय ना त्यात? माज्या शेतात?" तिने मेव्हण्यांना विचारलं.

मेव्हण्यांनी खिशातून चष्मा काढला. मी हे प्रथमच पाहत होतो. त्या काचेवरून कागदावर उतरवलेला फोटो खिडकीपाशी नेऊन ते बराच वेळ बघत राहिले. "आहात," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आला आहात." आणि तो फोटो त्यांनी तिला देऊन टाकला. पुढे वाडीच्या पंचांनी तो दिरापुढे धरला, आणि बांध होता तिथे गेला. कोर्टाला न जुमानणारा हा पुरावा पाहून मी माझी सनद पुन्हा एकदा काढून वाचली. मेव्हणे मात्र पुन्हा स्वच्छ डोंगरांकडेच वळले. सुधारले वगैरे काही नाहीत.

ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर एका पावसात सावित्री नदीचं पाणी वखारीत शिरलं आणि सगळ्या प्लेटा आणि फोटो चिखलात बुडाले. ताईने एकेक काच धुऊन पाहिली. डोंगर धुऊन गेले होते, नुसती आरपार दिसणारी काच उरली होती. ताई तेव्हा मला म्हणाली, "त्यांचं तोंडसुद्धा हल्ली मला नीट आठवत नाही रे."

म्हणून त्यांनी काढलेला, उरलेला एकच फोटो बघायला मी तिला त्या वाडीवर घेऊन गेलो. ठकूबाई म्हातारी झाली होती. फोटो देवांशेजारी टांगलेला होता. मी ताईला डोंगर दाखवत होतो, माणसं दाखवत होतो. ती बघत होती भलतीकडेच, अगदी खालच्या कोपऱ्यात. त्या दिवशी माणसांच्या धक्क्यात तिकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. सकाळचं ऊन पाठीमागून आलेलं, आणि गवतावर एक लांब सावली पडलेली. तिकाटण्याचे तीन पाय, त्यामागे माणसाचे दोन, आणि वर डोक्याच्या जागी खाली लोंबणारं कापड.

ताईने त्यावर हलकेच बोट ठेवलं.

"माझी चंद्रकळा," ती म्हणाली, आणि बोट काही तिने लवकर उचललं नाही.