अंतरपाट सरतानाचा फोटो

पिशोर गावच्या शाळेतून शहरात आलो आणि बी. ए. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. नोकरी मिळेना, तेव्हा क्रांती चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी मला ठेवून घेतले, हातात कॅमेरा दिला. त्यांचे उपकार मी अजून मानतो. त्यांनीच एकदा मला एकट्याला खुलताबाद रस्त्यावर, एका वकीलसाहेबांच्या शेतावर पाठवले. त्यांच्या मुलीचे लग्न होते.

शेत म्हणजे आम्ही ज्याला शेत म्हणतो ते नव्हे. फाटकापासून बंगल्यापर्यंत अशोकाची झाडे, कापलेली हिरवळ, तिच्यावर पांढऱ्या कापडाचा मांडव, मोगऱ्याच्या माळा. कर्णा नव्हता. सनईवाले आंब्याखाली बसून हळू वाजवत होते. पाहुणे इतके हलके बोलत होते की मीही पाय न वाजवता चालू लागलो.

मुहूर्त गोरज होता. दुपारी नवरीच्या आईने मला बंगल्याच्या मागच्या दारी बोलावले. तिथे तुळशीवृंदावन होते.

"भाऊ, एक काम सांगू का? मंगलाष्टकं सुरू झाली की मी इथं तुळशीला पाणी घालत बसणार. आमच्यात आईनं लेकीचं लग्न बघायचं नसतं. अंतरपाट सरतो तेव्हा माझ्या लेकीचं तोंड कसं दिसतं, तेवढं मला दाखवा."

"दाखवतो, काकू," मी म्हणालो. माझ्या बहिणीच्या लग्नात माझी आईही अशीच घरामागे बसली होती. आमच्या मांडवात कॅमेरा नव्हता.

वरात काही फाटकातून आत येईना. नवरदेवाचे मित्र नाचत होते आणि उजेड उतरत चालला होता. माझ्याकडे फ्लॅश होता, पण अंतरपाट सरला की अक्षता पडतात, आणि कॅमेऱ्याजवळून गेलेला दाणा फ्लॅशमध्ये पांढरा डाग होऊन नेमका चेहऱ्यावर बसतो. मला उरलेल्या उजेडातच फोटो हवा होता. मी नवरीच्या मामांना गाठले.

"मामा, वरातीला आत आणा ना. उजेड चाललाय."

"माझं ऐकतेत व्हय ते? त्यापरीस तुम्हीच सूर्याला धरून ठिवा जरा!" मामा म्हणाले. पण गेले, आणि नवरदेवाचा हात धरून त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आले.

मंगलाष्टके सुरू झाली. बाजूला उभा राहिलो असतो तर नवरा-नवरी दोघेही फोटोत आले असते, पण नवरीचा चेहरा अर्धाच. म्हणून मी नवरदेवाच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो. त्याची बहीण चिडली.

"अहो फोटोवाले, आमच्या भावाची पाठ काढायला आलात का?"

"ताई, एकच काढतो. मग सगळे त्यांचेच."

अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबले. पुढच्याच क्षणी दहा हात मध्ये आले.

फोटो धुऊन आल्यावर मालकांनी तो उचलून बाजूला ठेवला. "हा अल्बमात नको. नवरी नवऱ्याकडं बघतच नाही." खरेच होते. चेहरा स्वच्छ आला होता, पण नवरीने मान वळवली होती. मांडवात मला ते कळलेच नव्हते.

मालकांना विचारून तो फोटो मी अल्बमसोबत, पण वेगळा घेऊन गेलो. काकूंनी आधी तोच मागितला. बराच वेळ बघत राहिल्या.

"कुठं बघायली ही?"

"बंगल्याच्या मागं, काकू. तुम्ही बसला होता तिकडं."

 त्यांनी पदराने फोटोची कड पुसली, तिथे काही लागलेले नव्हते तरी.

"येडी. नवरा समोर उभा, अन् बघती कुठं!" त्या हसल्या. "हा अल्बमात लावू नका, भाऊ. हिची सासू म्हणंल, पोरीचं मन लागंना. हा माझ्यापाशीच राहू द्या."

तो फोटो त्यांनी मांडीवर पालथा ठेवला आणि अल्बमकडे हात केला.

"हं. आता दाखवा बाकीचं लग्न."