नामंजूर वाक्यांची फाइल

आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, त्या दुसऱ्यांची वाक्यं लिहितात. पेपरात तुम्ही वाचता ना, "या सन्मानाने माझी जबाबदारी वाढली आहे, असे ते म्हणाले"? ते काहीही म्हणालेले नसतात. ते तेव्हा जेवत असतात. म्हणालेल्या असतात आमच्या बाई. मी त्यांचं नाव वाक्यबाई ठेवलं आणि ते ऑफिसभर झालं. तोंडावर मात्र सगळे नुसतं बाई म्हणतात, कारण त्या बावन्न वर्षांच्या आहेत आणि चष्म्यावरून बघतात.

ऑफिस म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चहापुरता एक ओटा आणि आम्ही पाच माणसं. छोटी पीआर एजन्सी. मॅडमनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती काढली, ती एका हट्टापायी. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यांचं नाव लोकांपर्यंत पोचवायचं. आमची गिऱ्हाइकं बघा: व्हीलचेअरवर बसून पोहायला शिकवणारे एक सर, डावखुऱ्यांसाठी कात्र्या बनवणाऱ्या दोघी मैत्रिणी, सत्तरीत नाच शिकून रंगमंचावर उभ्या राहिलेल्या एक आजी. आणि एक दातांचे डॉक्टर, ते का आहेत हे मला आजतागायत कळलेलं नाही. मॅडम म्हणतात, वेगळेपण लपवायचं नाही, मिरवायचं.

मी मांडणी करतो. कुठल्या पानावर फोटो कुठे, अक्षर केवढं, हे माझं काम. तोंड उघडावं लागत नाही म्हणून मी हे काम धरलं, कारण मी बोलताना अडखळतो.

बाईंची कामाची एक रीत आहे आणि ती त्या मोडत नाहीत. आधी माणसाशी बोलायचं. मग त्याच्या नावावर शोभेल असं वाक्य लिहायचं. मग त्याला फोन करून ते सावकाश वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "हे तुमच्या नावावर जाणार आहे, चालेल ना?" समोरचा "चालेल" म्हणाला, की त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं "मंजूर" लिहितात आणि पुढे वेळ घालतात. दहा वाजून पाच मिनिटं तर दहा वाजून पाच मिनिटंच. वेळ नसेल तर ते वाक्य मला मिळत नाही, मग मी छाती बडवून रडलो तरी.

समोरचा "नाही" म्हणाला, तर वाक्य जातं निळ्या फाइलीत. तिच्यावर लिहिलंय "नामंजूर". दहा वर्षांत ती चांगली जाडजूड झाली आहे. आता माझं पाप सांगतो. मांडणी करताना मजकूर हातात नसेल, तर पान रिकामं दिसू नये म्हणून काहीतरी खोटा मजकूर भरून ठेवावा लागतो. खरा आला की तो काढायचा. जगभर हेच चालतं. मी तो त्या निळ्या फाइलीतून उचलायचो. वाक्यं तयार असतात, लांबीला बेताची असतात आणि कुणाचीच नसतात, असं मला वाटायचं.

यंदा एजन्सीला दहा वर्षं झाली. मॅडमच्या डोक्यात आलं, की आपण जगाचं वेगळेपण मिरवतो, मग आपलं का नाही? एक पुस्तिका काढायची, प्रत्येकाला एक पान. पानावर फोटो, "मी वेगळा किंवा वेगळी कशामुळे" याचं उत्तर आणि एक वाक्य. मॅडमना आई एक नाही, दोन आहेत, ते त्यांनी स्वतःच लिहून दिलं. पत्रकार सांभाळणारी पोरगी चार भाषांत भांडते. टेलिफोनवरचे काका एका डोळ्यानं बघतात. माझं पान बाईंनी लिहिलं: "मी अडखळतो, म्हणून जे बोलतो ते आधी दोनदा तपासून घेतो." मी म्हणालो, चालेल. मंजूर, चार वाजून दहा मिनिटं.

राहिल्या बाई.

त्यांची पार भंबेरी उडाली. दोनशे माणसांची वाक्यं लिहिलेली बाई स्वतःच्या रिकाम्या चौकटीपुढे पेन्सिल धरून बसून राहिली. मला येऊन विचारलं, "तू माझ्याकडे रोज बघतोस. माझ्यात वेगळं काय आहे?" मी म्हणालो, तुम्ही वेळ लिहिता. "ती तर घड्याळही लिहितं," त्या म्हणाल्या. काकांना विचारलं, त्यांनी हात वर केले. मॅडमना म्हणाल्या, "मला उंचीची भीती वाटते, पण ती सगळ्यांनाच वाटते. मी एकटी राहते, पण एकट्या राहणाऱ्या पुष्कळ आहेत. मला वगळा ना." मॅडम वगळायला तयार नव्हत्या. सगळ्यांना सामावून घेणाऱ्या पुस्तिकेतून एकीला वगळलं तर काय तोंड दाखवायचं?

आठ दिवस त्या चौकटीत दोनच शब्द होते, "माहीत नाही", तेही खोडलेले.

मी नेहमीप्रमाणे निळ्या फाइलीतलं एक वाक्य टाकून पान भरून ठेवलं. मग छापखान्याचा फोन आला, यंत्र उद्याच मोकळं आहे. मॅडम गडबडीत म्हणाल्या, बाईंचं आलं का? पोरीनं माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोकावून बघितलं. पान भरलेलं होतं. ती म्हणाली, आलं. मी शेजारीच उभा होतो. "नाही, ते खरं नाही" एवढंच बोलायचं होतं. पहिलं अक्षर ओठांवर अडकलं, तेवढ्यात मॅडम जिना उतरून गेल्या होत्या. नंतर चिठ्ठी लिहिता आली असती. मी लिहिली नाही. बहुतेक मला वाटलं, की बाईंचं काही येणारच नाही आणि हे वाक्य बरं दिसतंय.

नऊशे प्रती छापून आल्या आणि त्याच दिवशी वाचनालयांत, शाळांत, दवाखान्यांत वाटून झाल्या. बाईंनी त्यांची प्रत उघडली. त्यांच्या फोटोखाली छापलं होतं:

"माझ्या बहिणीनं हात धरला नसता, तर मी पहिलं पाऊल टाकलंच नसतं."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पान कडेकडेनं तपासलं, जणू पेन्सिलीची खूण छापून आली असेल. मग विचारलं, "हे मंजूर कुणी केलं?"

मी अडखळत कबूल केलं. सगळं, निळ्या फाइलीसकट. मॅडमनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी तोडगा काढला: तेवढ्याच आकाराच्या चिकटपट्ट्या छापायच्या, त्यांवर बाईंचं खरं वाक्य घालायचं आणि गावभर फिरून नऊशे पुस्तिकांवर त्या डकवायच्या. बाईंनी फक्त शुक्रवारपर्यंत वाक्य द्यायचं.

सोमवारी बाई म्हणाल्या, "ताबडतोब झाका." मंगळवारी सकाळी म्हणाल्या, "राहू दे, कोण वाचतंय?" दुपारी पुन्हा, झाका. बुधवारी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि कोऱ्या चिकटपट्ट्या कापता कापता त्यांनी मला सांगितलं, की त्यांना खरोखरच एक थोरली बहीण आहे आणि ती याच गावात राहते.

मी कात्री खाली ठेवली.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. दोघी बहिणी आळीपाळीनं करत होत्या. बाई कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेल्या, परत येऊन बघतात तर आईचा पलंग रिकामा. थोरलीनं न विचारता आईला शुश्रूषागृहात हलवलं होतं. तीन आठवड्यांत आई गेली. दारात चपला घालताना बाई बहिणीला म्हणाल्या होत्या, "आजपासून तू माझी कोणी नाहीस."

"तेवढं एक वाक्य मी माझं माझं बोलले," बाई म्हणाल्या. "कुणाला वाचून दाखवलं नाही. ते अजून चालू आहे." मग म्हणाल्या, "तिनं हे वाचलं तर तिला वाटेल मी माफी मागतेय. आणि झाकलं, तर तिला वाटेल मी मागून परत घेतली. मी नक्की काय करतेय, तूच सांग."

मला काय कळतंय? मी आकार बघणारा माणूस. मी म्हणालो, माहीत नाही. तेच तर मी चौकटीत लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, आणि आम्हाला दोघांनाही हसू आलं, नको तेव्हा.

गुरुवारी बाराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. प्रत्येक पायरीवर थांबत कुणीतरी वर येत होतं. दारात एक बाई उभी राहिली. हातात आमची पुस्तिका, एक गाल सुजलेला. दातांच्या डॉक्टरांचा मला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग दिसला. नाव विचारायची गरज नव्हती, तीही चष्म्यावरूनच बघत होती.

बाई ओट्यापाशी कप विसळत होत्या. त्या वळल्या आणि कप हातातच राहिला.

"खुर्चीत वाट बघताना वाचलं," थोरली म्हणाली. सुजलेल्या गालामुळे शब्द जड येत होते. "दात न काढताच उठून आले. तू म्हणालीस हे?"

एवढं पुरे होतं. बाईंनी नुसती मान हलवली असती, तरी अकरा वर्षं संपली असती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हणा, हो म्हणा. पण बाई कधी कुणाच्या नावावर न विचारता वाक्य खपवत नाहीत. स्वतःच्याही नाही.

"नाही ताई," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणाले. ते चुकून छापलंय. उद्यापासून आम्ही ते झाकणार आहोत."

थोरलीनं पुस्तिका मिटली. "मला वाटलंच," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

तेव्हा मी उभा राहिलो. तोंड उघडलं आणि शब्द नेहमीप्रमाणे दारातच अडला. थोरली दोन पायऱ्या उतरली. मी निळी फाइल उचलून तिच्यामागे धावलो.

"ते... ते बाईंनीच लिहिलंय," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वी. नाच... नाचणाऱ्या आजींसाठी. आजींनी ना... नामंजूर केलं."

"का?" थोरलीनं विचारलं.

"आजींना बहीणच नाही."

मी बोलून गेलो आणि मलाच ऐकू आलं. त्या आजी एकुलत्या एक. तासभर बाईंशी बोलल्या होत्या, त्यात बहिणीचा विषय निघालाच नव्हता. तेव्हा आम्ही सगळे बाईंना हसलो होतो, आजींना बहीण चिकटवली म्हणून. बहीण आली कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. मी फाइल उघडून तो कागद दाखवला. बाईंचं अक्षर, कडेला "नामंजूर" आणि वेळ, अकरा वाजून पन्नास मिनिटं.

थोरली कागद वाचत परत वर आली आणि माझ्या खुर्चीत बसली. बाई ओट्याशीच होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हे चूक आहे," थोरली म्हणाली. "मी हात धरला नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी तू माझा हात सोडेनास. घंटा झाली होती, मला उशीर होत होता. मी झटकला आणि पळाले." मग ती म्हणाली, "मागे वळून बघितलं, तर तू आत गेलेली होतीस. आईच्या वेळीही मला वाटलं, की तू सावरशील... पण तेव्हा मी वळून बघितलं नाही. भीती वाटली."

बाई ओल्या हातानं पुढे आल्या. "मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "झटकलास ते. पण वाक्यात धरलेलाच बरा दिसतो."

"तुमच्याकडे असंच करतात?"

"रोज."

थोरलीला हसू आलं आणि दात दुखला, तिनं गाल दाबून धरला. बाईंनी पदराला हात पुसले, समोर स्टूल घेतलं आणि फोनवर वाचतात तसं ते वाक्य सावकाश वाचून दाखवलं. दोघींत हातभर अंतर असेल, पण आवाज तोच, फोनवरचा. शेवटी विचारलं, "यात तुझा उल्लेख आहे. हे माझ्या नावावर जाणार आहे. चालेल ना?"

मॅडम आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं आणि मला तरी कुठे सगळं कळलं होतं? माफी कुणी मागितली, कुणी दिली, का नुसतीच एक शाळेची आठवण झाली, देव जाणे.

"चालेल," थोरली म्हणाली.

बाईंनी पुस्तिका उघडून स्वतःच्या फोटोशेजारी पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वाजले रे?"

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पण ते सांगताना "बारा"चा "ब" निघता निघेना. माझं वाक्य पुरं होईपर्यंत काटा पुढे सरकला. बाईंनी घड्याळाकडे बघून एकवीस लिहिलं.