चंद्र नसलेली पौर्णिमा

आमच्या विहारात चपला सांभाळायचं काम माझ्याकडे कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही. विहार म्हणजे विकास नगरातला एक साधा हॉल आणि वर गच्ची. महाराष्ट्रातून सरकारी नोकरीसाठी लखनौला आलेली आम्ही मूठभर बौद्ध कुटुंबं तो चालवतो. नोकरीत होतो तोवर मला स्टेजवर खुर्ची असायची. रिटायर झाल्यावर सेक्रेटरी एके दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्ही आता दाराशी बसा. तुमचा स्वभाव मनमिळाऊ आहे." मनमिळाऊ माणसाची जागा चपलांपाशी असते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

मग मी हट्टाला पेटलो. बुद्धमूर्तीच्या मागे वैशाख पौर्णिमेला दरवर्षी डेकोरेटरचा सॅटिनचा पडदा लागतो. एका वर्षी तर त्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या नवरानवरीच्या नावाची थर्मोकोलची अर्धी अक्षरं तशीच चिकटलेली होती. मी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "यंदाचा पडदा मी करणार. गडद निळं कापड, त्यावर पांढरं कमळ आणि मागे पौर्णिमेचं आकाश. सगळं हातानं भरलेलं."

सेक्रेटरींनी मान वर केली. "कोण भरणार? वहिनी?"

मागच्या रांगेतून बायको म्हणाली, "मला शर्टाचं बटण लावता येत नाही. माझं नाव घेऊ नका."

ते खरं आहे. ती अजून नोकरीत आहे. रोज सकाळी हजरतगंजच्या ऑफिसात जाते आणि मी दार लावून घेतो. आमच्या घरात बटणं लावायचं खातं माझ्याकडेच आहे.

"बायकांचं काम आहे हो ते," कुणीतरी पुटपुटलं.

"चौक बाजारात जाऊन बघा," मी म्हणालो. "या गावात जरीकामाचं कापड ताणलेल्या खाटल्यापाशी बसलेले निम्मे कारागीर मिशीवाले आहेत."

मला मिशी नाही आणि सुईत दोरा ओवायला चष्मा बदलावा लागतो, हे मी त्या वेळी बोललो नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहतात. त्या घरी बसून दुकानांसाठी चिकनचं भरतकाम करतात. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते. आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. मी कापड घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या बोटांतली सुई बघितली आणि म्हणाल्या, "भाई साहब, दस्तख़त नहीं करने हैं। ढीली पकड़िए।"

बटणं सोडली तर आयुष्यभर हातानं सहीशिवाय काही केलं नव्हतं, ते असं पहिल्याच टाक्याला उघडं पडलं.

कमळाचा आराखडा छपाईवाल्याकडून पांढऱ्या रंगात उठवून आणला आणि मी बसलो. दोरा मोतिया रंगाचा निघाला, म्हणून पांढरं कमळ जरा आजारी दिसत होतं. पण पाकळ्या भरत गेल्या. एका दुपारी तर इतका रंगलो, की दारावर गॅसवाला आला तेव्हा मी उठलो आणि माझ्याबरोबर कापड, लाकडी रिंग आणि लुंगी सगळं एकत्र उठलं. मी दोन पाकळ्या लुंगीसकट शिवल्या होत्या. गॅसवाल्यानं सिलिंडर खाली ठेवला, सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "अंकल, आंटी घर पर नहीं हैं क्या?"

संध्याकाळी बायकोला ही बातमी गल्लीतूनच कळली.

तरीही कमळ पुरं झालं. राहिला चंद्र. आपा नेमक्या तेव्हा बहिणीकडे मलिहाबादला गेल्या होत्या. त्यांच्याकडे मी एक दुपट्टा बघितला होता, त्यात उलटी बखिया होती. म्हणजे टाके कापडाच्या मागच्या बाजूनं घालायचे आणि पुढून त्यांची नुसती सावली दिसते, धुक्यातून दिसावी तशी. मला वाटलं, चंद्र असाच हवा. धूसर, शांत. आपांना फोन करून विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण आता मला येत होतं ना सगळं!

मी कापड उलटं करून चंद्र भरत सुटलो. काय चंद्र झाला होता! गोल, भरीव, मोतिया. पुढची बाजू मुद्दाम बघितली नाही, म्हटलं एकदम बघू. एकदम बघितली तेव्हा तिथं बारीक टाक्यांच्या दोन गोल ओळी होत्या. ताटाच्या कडेनं मुंग्या चाललेल्या दिसतात तशा. बाकी काही नाही. आपांचा दुपट्टा मलमलचा होता आणि माझं कापड पँटच्या कापडासारखं जाड. त्यातून टॉर्चचा उजेडही आला नसता, सावली कुठून येणार?

आपा परतल्यावर त्यांनी कापड पुढेमागे करून बघितलं आणि हसता हसता खाली बसल्या. "चाँद को तो आपने पर्दे में बिठा दिया, भाई साहब! अब बेचारा किसको मुँह दिखाए?"

मी चंद्र उसवला. उसवल्यावर कळलं, की गडद कापड काही विसरत नाही. जिथं जिथं सुई गेली होती, तिथं भोक. गोल चाळणीच झाली. मग मी एकेका भोकावर फंदा घालत गेलो. फंदा म्हणजे दोऱ्याची बारीक गाठ, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. चांदण्यांसाठी तेवढाच टाका मला धड जमत होता. चंद्राच्या जागी चांदण्यांचा सगळ्यात दाट पुंजका झाला. तो एका जागी फार दिसू नये, म्हणून उरलेल्या कापडभरही चांदण्या पेरल्या.

बायकोनं पडदा लांबून बघितला. "छान झालंय हो. पण चंद्र कुठंय?"

"ढगाआड."

"ढग कुठायत?"

पौर्णिमेच्या आठवडाभर आधी कमिटीपुढे दोन टेबलं जोडून मी कापड पसरलं. सगळे वाकून बघत होते. कुणीही मोबाइल बघत नव्हतं, म्हणजे काम बरं झालं होतं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला.

"साहेब, मेहनत दिसते. पण ही पौर्णिमा नाही. पौर्णिमेला एवढ्या चांदण्या दिसतात कुठं? ही अमावस्या आहे."

मागून एक काकू हळूच म्हणाल्या, "बाई गं, मूर्तीच्या मागे अमावस्या? बरं दिसत नाही ते."

मला तेवढंच हवं होतं. "अमावस्या अशुभ असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

आमच्या हॉलमध्ये असा हात वर होऊच शकत नाही. शुभ-अशुभ मानायचं नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय आणि सेक्रेटरी दरवर्षी त्यावर भाषण करतात. त्यांनी मुलाचं लग्न मुद्दाम अमावस्येला लावलं होतं. काकूंनी पदर सावरला आणि छताचा पंखा बघायला लागल्या.

पण सेक्रेटरी काही कच्चे नव्हते. "अशुभ कोण म्हणतंय? मी चूक म्हणतोय. पौर्णिमेला चंद्र पाहिजे. डेकोरेटरकडे एलईडीचा चंद्र आहे, ब्लिंक होतो. तुमच्या कमळाच्या वर पिना मारून लावू."

"माझ्या कापडाला पिन लागणार नाही."

"मग तुमचं कापड लागणार नाही."

तेव्हाच भोकांची हकीकत सांगितली असती, तर विषय मिटला असता. पण एवढ्या लोकांपुढे माझा चंद्र फसला हे सांगायला जीभ वळेना. त्याऐवजी मी बाणेदारपणे म्हणालो, "कार्यक्रम गच्चीवर घ्या. खरा चंद्र डोक्यावर असताना कापडावर नकली कशाला?"

"आणि नाही दिसला तर?"

"तर तुमचा एलईडी लावा. शब्द देतो."

बायकोनं कपाळाला हात लावला.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारपासून भाजणारी लू सुटली आणि चारच्या सुमाराला धुळीची आंधी आली. लखनौची आंधी ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. दातांखाली रेती आणि आकाश विटेच्या भुकटीसारखं. संध्याकाळी वारा पडला, पण धूळ वरच राहिली. गच्चीत दोन बांबूंना नाड्या बांधून मी पडदा लावला. पुढे मूर्ती, समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. वंदना सुरू झाली. माझं चित्त पूर्वेच्या इमारतींवर होतं. वंदना संपली. सगळ्यांनी वर बघितलं. चंद्र नव्हता. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सेक्रेटरी एलईडीच्या चंद्राचा खोका घेऊन पुढे आले. "साहेब, शब्द."

मी उठून पडद्याच्या पुढ्यात उभा राहिलो. "शब्द मी मागे घेतो."

"असा कसा मागे घेता?"

"जसा दिला तसाच. फुकट. पिन लागणार नाही म्हणजे लागणार नाही." आणि मग जे मीटिंगमध्ये बोलायचं होतं ते सगळं बाहेर पडलं. "मी चंद्र भरला होता. उलट्या बाजूनं भरला, पुढून दिसलाच नाही. उसवला, तर भोकं पडली. हा जो चांदण्यांचा दाट पुंजका दिसतोय ना, त्याच्या प्रत्येक गाठीखाली माझी एक चूक आहे. तुम्ही आणखी टोचलंत, तर मला आणखी चांदण्या कराव्या लागतील आणि मग या कापडावर कमळालासुद्धा जागा उरायची नाही!"

गच्चीत हसू फुटलं. सेक्रेटरी हसले नाहीत. "हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"मीटिंगमध्ये चूक कबूल करायचं ट्रेनिंग नाही आपल्याला. तुम्हाला आहे?"

काकू उठून आल्या. "कुठं होता हो चंद्र?" मी जागा दाखवली. त्यांनी चांदण्यांवरून बोट गोल फिरवलं. "आहे की अजून. हाताला लागतोय." मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, "तो खोका ठेवा हो बाजूला."

सेक्रेटरी खोका धरून तसेच उभे. शेवटी कॉलेजातली एक मुलगी, जिला मराठी कळतं पण बोलायचा कंटाळा येतो, ती म्हणाली, "अंकल, टंकी पर टाँग देते हैं ना।" एलईडीचा चंद्र पाण्याच्या टाकीवर चढला आणि खीर वाटून होईपर्यंत तिथं निळा-पांढरा होत राहिला. मला तोही वाईट नाही वाटला. कापडापासून लांब होता.

आवराआवर करताना सेक्रेटरी म्हणाले, "आता घडी करून घरी न्या, साहेब. उद्या काही पौर्णिमा नाही."

"मग तर हे इथंच राहायला हवं."

ते काही बोलायच्या आत मी हातोडी घेऊन खाली हॉलमध्ये उतरलो. मूर्तीच्या मागच्या भिंतीत खिळे ठोकले आणि नाड्या बांधायला घेतल्या. बायकोनं स्टूल धरलं होतं.

"अहो, तिरकं होतंय."

"होऊ दे," मी म्हणालो आणि गाठ आवळली.